मुलाच्या हातात जुनी गाडी आणि विम्याचा कागद

नवापूरहून आम्ही बोलतोय, आपल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या. रेडिओवर हा विषय बोललो तेव्हा बऱ्याच जणींनी सांगितलं की ऐकताना आकडे लक्षात राहत नाहीत, छापून द्या. म्हणून इथे सावकाश लिहितोय. पोरांनाही वाचून दाखवा. ती ऐकणार नाहीत हे माहीत आहे, तरी दाखवा.

विषय आहे जुन्या गाडीच्या विम्याचा. तुम्ही म्हणाल, आपला आणि गाडीचा काय संबंध? पण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गटांच्या कर्जाच्या मागण्या बघितल्या तर शिलाई मशीन, शेळ्या, सुक्या मासळीचा धंदा यांच्या जोडीला आता ‘मुलाला जुनी गाडी’ हे कारण सारखं येतं. पोरगा एमआयडीसीत कंत्राटावर लागतो, पाळीची वेळ अडनिडी, रिक्षा मिळत नाही. शिवाय गाडी असली की पहाटे मासळी बोईसरच्या बाजारात नेता येईल, असाही हिशेब असतो. जुनी ओम्नी, वॅगन आर किंवा ईको साठ-सत्तर हजारांपासून मिळते. हिशेब चुकीचा नाही. चूक कुठे होते ते आम्हाला एका अपघातानंतर कळलं.

आमच्याच एका गटातल्या ताईंनी मुलासाठी साठ हजारांचं कर्ज घेतलं. मुलगा वीस वर्षांचा, लायसन पक्कं, दारू नाही, तंबाखू नाही. वसईकडच्या एका गृहस्थांची 2011 सालची ओम्नी घेतली. गाडी आल्यावर पोराने ती ‘बनवली’. गॅरेजमध्ये सीएनजीचं किट बसवलं. मासळीचे क्रेट मावावेत म्हणून मागची सीट काढली. रुंद टायर टाकले, काचांना काळी फिल्म लावली, आवाज करणारा सायलेन्सर बसवला. ताई मीटिंगला यायच्या तेव्हा आम्हीही कौतुकानेच गाडी बघितली, ते खोटं कशाला सांगू? कुणीही कागद विचारले नाहीत. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब आहे. गाडीच्या आरसीवर नाव कुणाचं, हे त्यात कुठेच नाही.

घेतल्यापासून चाळिसाव्या दिवशी, पावसात, रात्रपाळी संपवून येताना पोराने एका सायकलवाल्याला ठोकलं आणि गाडी गटारात गेली. सायकलवाला परप्रांतातला कामगार, मांडीचं हाड मोडलं. पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून आत गेला होता.

‘विमा आहे ना?’ हा पहिला प्रश्न. विमा होता, मुदतही शिल्लक होती. पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि आरसीही त्यांच्याच नावावर. पोराकडे त्यांनी सही केलेले फॉर्म 29 आणि 30 गाडीच्या कप्प्यात तसेच पडलेले. विमा कंपनीने गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही दिला नाही. जखमी कामगाराच्या भरपाईचा दावा आता चालू आहे आणि त्याची नोटीस गेली वसईच्या त्या गृहस्थांना. त्या माणसाने तीन महिन्यांपूर्वी गाडी विकून पैसे घेतले, त्याला काही माहीतच नाही. त्याने ताईंना फोनवर काय काय ऐकवलं असेल ते तुम्हीच समजा.

यानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. बोईसरच्या एका विमा एजंटाकडे गेलो, ओळखीच्या वकिलांना विचारलं, पॉलिसीचा बारीक मजकूर वाचला. तो कुणी वाचत नाही, आम्हीही कधी वाचला नव्हता. त्यातून जे समजलं ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. पुष्कळ जणींना वाटतं की पोरगा लहान, नवीन ड्रायव्हर, म्हणून विमा महाग पडेल किंवा मिळणार नाही. इंग्लंडसारख्या देशात तसं आहे. तिथे अठरा-वीस वर्षांच्या मुलाला गाडीच्या किमतीएवढा हप्ता लागू शकतो, कंपनी गाडीत यंत्र बसवून तो कसा चालवतो ते बघते. आपल्याकडे सक्तीच्या विम्याचा हप्ता चालवणाऱ्याच्या वयावर ठरत नाही, गाडीच्या इंजिनावर ठरतो. 1 जून 2022 पासून लागू झालेला दर असा आहे: खासगी मोटार 1000 सीसीपर्यंत असेल तर वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये, त्यावरच्या गाडीला 7,897 रुपये. यावर अठरा टक्के जीएसटी. ओम्नी 796 सीसीची, वॅगन आरची बरीच मॉडेलं हजारच्या आत, ईको मात्र हजारच्या वर जाते. म्हणजे वीस वर्षांच्या पोराला आणि पन्नास वर्षांच्या बापाला हा हप्ता सारखाच. पोराचं वय आडवं येत नाही. आडवे येतात ते कागद.

आता विम्याचे दोन भाग नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ इथेच होतो. एक भाग ‘थर्ड पार्टी’चा. आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं, कुणी मेलं, कुणाची भिंत पडली, तर ती भरपाई. हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दंड चार हजार. जखम आणि मृत्यूच्या भरपाईला यात वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. तो सक्तीचा नाही. दोन्ही एकत्र घेतले की त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात.

गाडी विकली की पहिला भाग कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. म्हणून त्या कामगाराला भरपाईचा मार्ग बंद झालेला नाही. दुसरा भाग तसा आपोआप येत नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला हवी. आरटीओमधलं नाव बदलणं हे वेगळं काम, तेही करायचं. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांचं कार्यालय विरारला, एमएच-48. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे जुन्या पुष्कळ गाड्यांवर अजून ठाण्याचा एमएच-04 दिसतो. त्याची काळजी नको, नाव आपलं असलं म्हणजे झालं. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असं 2018 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे गाडी विकणाऱ्यानेही ‘दिली एकदाची’ म्हणून बसू नये. आपल्यापैकी कुणी घरची जुनी गाडी किंवा मोटारसायकल विकली असेल तर आजच मोबाइलवर एमपरिवाहन उघडून बघा, नाव अजून तुमचंच असेल.

आणखी एक. जुन्या मालकाने वर्षानुवर्षं क्लेम न केल्याची जी सवलत मिळवलेली असते, वीस टक्क्यांपासून वाढत पन्नास टक्क्यांपर्यंतची, ती माणसाची असते, गाडीची नाही. पॉलिसी आपल्या नावावर करताना तो फरक आपल्याला भरावा लागतो. काही एजंट ‘राहू दे, टाकतो सवलत’ म्हणतात. ती खोटी माहिती आपल्या सहीने जाते आणि क्लेमच्या वेळी आपल्याच गळ्यात येते.

आता गाडी ‘बनवण्या’चं बघू. पोरांना वाटतं, आपली गाडी, आपले पैसे, कुणाचं काय जातं? कायद्याचं कलम 52 म्हणतं, आरसीत जी माहिती नोंदलेली आहे आणि कंपनीने गाडी जशी बनवली आहे, त्याला सोडून मूळ फेरफार करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्येक फेरफाराला, हे शब्द लक्षात ठेवा.

पण सगळंच बेकायदा नाही, म्हणून एकेक घेऊ.

सीएनजी किट चालतं. मात्र ते त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलं आणि अधिकृत केंद्रातच बसवलेलं हवं, आणि आरसीवर इंधनाच्या जागी ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद करून घ्यायला हवी. नोंदीसाठी चौदा दिवसांची मुदत आहे. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करायची, तारीख टाकीच्या पट्टीवर असते. त्यानंतर विमा कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टीत वर्षाला फक्त साठ रुपये जास्त लागतात, आणि स्वतःच्या नुकसानीच्या भागात किटच्या किमतीवर चार टक्के. म्हणजे तीस हजारांच्या किटला बाराशे रुपये. आमच्या ताईंच्या मुलाने किटवर हजारो रुपये घातले आणि साठ रुपयांची नोंद केली नाही. घरच्या गॅसचा सिलिंडर गाडीला जोडणारे महाभागही आहेत. त्यांच्याविषयी विम्याचं काय बोलणार? आधी पोलीस ठाण्याचं बोलावं लागेल.

टेप, स्पीकर, कॅमेरा या वस्तू लावता येतात. गाडीबरोबर आलेल्या नसतील तर त्यांची किंमत पॉलिसीत लिहायची, तिथेही चार टक्के. लिहिल्या नाहीत तर गाडी चोरीला गेल्यावर वीस हजारांचे स्पीकर विसरायचे.

रंग बदलला तर आरसीत नोंद. इंजिन बदललं तर परवानगी आणि नोंद, नवीन इंजिनाचा नंबर आरसीवर आणि पॉलिसीवर हवाच. पुढची-मागची काच सत्तर टक्के आणि बाजूच्या काचा पन्नास टक्के उजेड आत येऊ देणाऱ्या हव्यात. पुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच बंदीचे आदेश दिले आहेत. दिसायला दणकट, पण पायी चालणाऱ्याला लागलं तर तो वाचत नाही. आवाज करणाऱ्या सायलेन्सरला वेगळा दंड आहे, दहा हजारांपर्यंत. त्याशिवाय रात्री अकराला तो आवाज करत गल्लीतून गेला की शेजारच्या काकी जे बोलतात ते वेगळं.

एका फेरफाराला मात्र कायदा मदत करतो. घरात अपंग व्यक्ती असेल आणि तिच्यासाठी गाडीत हाताचा ब्रेक-क्लच वगैरे बदल केला असेल तर आरटीओत त्याची नोंद होते आणि स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत आहे. आमच्याकडे अशा एका घराला हे माहीतच नव्हतं.

आता जे सांगतो ते मासळीवाल्या ताईंनी नीट ऐका. पॉलिसीच्या बारीक मजकुरात गाडीचा वापर कशासाठी नाही, हे लिहिलेलं असतं. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने माणसं नेणं चालत नाही. आणि माल नेणं चालत नाही, नमुने आणि आपलं स्वतःचं सामान सोडून. मासळीचे दहा क्रेट हे सामान नव्हे, माल आहे. बोईसर स्टेशनवरून एमआयडीसीच्या गेटपर्यंत माणशी वीस रुपये घेऊन कामगार नेणं म्हणजे भाडं. आपल्या भागात हे सर्रास चालतं आणि काही झालं नाही तोवर कुणी विचारत नाही. झालं की सर्वेअरला पहिली दिसते ती काढलेली सीट.

रोज माल न्यायचा असेल तर माल वाहतुकीची गाडी घ्या, परवाना आणि पॉलिसी त्याच प्रकारची घ्या. महाग पडते, खरं आहे. आम्ही दोन गटांना सांगितलं की चार-पाच जणींनी मिळून एकच मालाचा टेम्पो ठरवा, प्रत्येकीच्या पोराने स्वतःची ओम्नी घेण्यापेक्षा ते परवडेल. एका गटाने ऐकलं. दुसऱ्या गटाचं अजून भांडण चालू आहे की टेम्पो आधी कुणाच्या दारात येणार.

नियम मोडला गेला तरी कंपनीने सगळाच क्लेम फेटाळावा असं नाही, हेही सांगायला हवं. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने दिली होती, अशा एका प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनी पूर्ण नकार देऊ शकत नाही, ‘नॉन स्टँडर्ड’ तडजोड म्हणून काही भाग द्यावा, आणि त्याचं प्रमाण 75 टक्क्यांपर्यंत असू शकतं. म्हणून नकाराचं पत्र आलं की रडत बसू नका. लेखी कारण मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहा. मग विमा नियामक आयआरडीएआयच्या 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षं.

आता गाडी कुणाच्या नावावर घ्यायची? आपल्याकडे कर्ज ताईंच्या नावावर, म्हणून गाडीही ताईंच्या नावावर, असं सरळ होतं. यात दोन गोष्टी अडतात. एक, पोराने अपघात केला तर न्यायाधिकरणात मालक म्हणून ताई उभ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विम्यासोबत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं. मालक स्वतः गाडी चालवताना गेला किंवा कायमचा अपंग झाला तर घरच्यांना किंवा त्याला ते मिळतं. ते फक्त नोंदणीकृत मालकाला, तेही त्याच्याकडे लायसन असेल तरच. ताईंकडे लायसन नाही आणि गाडी पोरगा चालवतो, तर ते पंधरा लाख कुणालाच नाहीत. कमावत्या पोराचं काही झालं तर आईच्या हातात फक्त गटाचा हप्ता राहतो. पॉलिसीत बसणाऱ्या माणसांसाठी नाव घालून किंवा न घालता वेगळं संरक्षण घेता येतं, पण ते माणशी दोन लाखांपर्यंतच.

म्हणून आम्ही आता सांगतो: कर्ज आईच्या नावावर राहू दे, गाडी जो चालवणार आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्याच्या नावावर घ्या, वारस म्हणून आईचं नाव लिहा. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या ताईंनी हेच केलं. त्यांची मुलगी एकवीस वर्षांची. हो, मुलगी. गाडी चालवते आणि पोरांपेक्षा शिस्तीत चालवते. जुनी वॅगन आर तेरा वर्षांची, तीही सीएनजीची. पहिल्याच आठवड्यात आरटीओचे फॉर्म, मग किटची नोंद, मग पॉलिसी. थर्ड पार्टीचे 2,094, किटचे 60, त्यावर जीएसटी, म्हणजे 2,540 रुपयांच्या आसपास. पंधरा लाखांच्या संरक्षणाचे काही शे रुपये वेगळे आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वेगळा.

जुलैच्या वाऱ्यात झाडाची फांदी त्या गाडीवर पडली. क्लेम मिळाला, पण किती? इथेही ऐका, कारण जुन्या गाडीला कुणी पूर्ण पैसे देत नाही. दुरुस्तीचं बिल एकवीस हजार. त्यात पत्र्याचे भाग बारा हजारांचे. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागाला निम्मी घट धरतात, म्हणून मिळाले सहा हजार. प्लास्टिकचा बंपर चार हजारांचा, प्लास्टिक-रबराला गाडी कितीही नवी असो निम्मीच किंमत, म्हणून दोन हजार. मजुरी पाच हजार, ती पूर्ण. झाले तेरा हजार. त्यातून सक्तीची वजावट एक हजार, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला एवढीच असते. हातात आले बारा हजार. नऊ हजार पदरचे गेले. तरी मुलगी म्हणाली, कागद नसते तर एकवीसच्या एकवीस गेले असते.

या हिशेबावरून एक प्रश्न येतो, आणि त्याला आमच्याकडे एकच उत्तर नाही. साठ हजारांच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यावा की नाही? गाडीची विम्यातली किंमत पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या टक्क्यांनी उतरते, पाचव्या वर्षी निम्मी होते. त्यानंतर ती कंपनी आणि आपण बोलून ठरवायची असते. एजंटाकडून दोन्ही भाव लिहून घ्या, एक फक्त सक्तीचा आणि एक पॅकेजचा. फरक गाडीच्या किमतीच्या मानाने फार वाटला तर फक्त सक्तीचा घेऊन तेवढे पैसे बाजूला ठेवणारीही शहाणीच. पण एक बघा: नुसत्या थर्ड पार्टीत आपल्याच गाडीत बसलेल्या माणसांना सहसा भरपाई मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, हे 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. सारं घर ओम्नीत घालून महालक्ष्मीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी. खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा गंजतो. गंज आणि झीज विम्यात येत नाही, म्हणून जुनी गाडी घेताना मेकॅनिकला खाली झोपून बघायला लावा. दुसरं, पाण्यात गाडी बंद पडली तर पोराला पुन्हा पुन्हा चावी फिरवू देऊ नका. पाणी इंजिनात शिरून ते फुटलं तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. ढकलून बाहेर काढा, टोइंगवाल्याला बोलवा.

गाडी पंधरा वर्षांची झाली की आरसीची मुदत संपते. तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. 2011 ची गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता. विम्याची मुदतही संपू देऊ नका. नव्वद दिवसांच्या वर खंड पडला तर क्लेम न केल्याची सवलत जाते, आणि खंड पडला की कंपनी गाडी बघितल्याशिवाय पॅकेज देत नाही.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला चावी देणाऱ्यांसाठी वेगळं काय सांगणार? 2019 पासून कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. शिकाऊ लायसनवर चालवायचं असेल तर लाल रंगात ‘एल’ लावून आणि शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसवूनच. तसं असेल तर विमाही लागू राहतो, नसेल तर नाही.

फेरफार कळवायला कंपनीला पत्र कसं लिहायचं, असं बऱ्याच जणी विचारतात. साधं लिहा: ‘माझ्या नावावरील गाडी क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक अमुक. या गाडीस अमुक तारखेस अधिकृत केंद्रातून सीएनजी किट बसवले असून आरसीवर नोंद झाली आहे. किटची किंमत अमुक रुपये. बिल व आरसीची प्रत जोडली आहे. लागणारा जादा हप्ता कळवून पॉलिसीत नोंद करून द्यावी.’ खाली सही, तारीख. पत्राची पोच घ्या किंवा ईमेलने पाठवा. एजंटला तोंडी सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. आणि अपघात झालाच तर आधी माणसाला दवाखान्यात न्या, मग पोलीस, मग त्याच दिवशी कंपनी. सर्वेअर बघेपर्यंत गाडी गॅरेजला उघडू देऊ नका, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा.

आमच्या ग्रामसंघाने आता ठरवलंय की गाडीचं कर्ज दोन टप्प्यांत द्यायचं. मोठा भाग गाडी घेताना, उरलेला भाग आरसी आणि पॉलिसीवर एकच नाव असलेली झेरॉक्स कर्जाच्या फाइलला लागल्यावर. पहिल्या महिन्यात दोघी चिडल्या, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाल्या. त्या ओम्नीवाल्या ताईच उठून बोलल्या की लावा झेरॉक्स, माझ्याकडे बघा. त्यांची गाडी चौदा हजारांना भंगारात गेली. साठ हजारांपैकी एकवीस हप्ते अजून बाकी आहेत, त्या दर बैठकीला वेळेवर भरतात. पोरगा आता पाळीला सायकलने जातो. भरपाईच्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, आणि त्या कामगाराला डबा द्यायला गटातल्या दोघी जात होत्या, तो काठी टेकत चालायला लागला आहे.